यशराजची रायफल

यशराजचा फोन यायचा तो सणावाराला, आणि तोही आईला. त्या सकाळी मात्र तो म्हणाला, "आबांना दे."

कापडे गावातल्या घराच्या अंगणात यशराजचा बाप सयाजी मोरे पेंढा रचत होता. धोतराला हात पुसून त्यानं फोन कानाला लावला.

"आबा, इकडं चार शेळ्या पाळल्यात, त्या कोयोटी नावाचा प्राणी नेतोय. आपल्या कोल्ह्यासारखाच, पण थोराड. रायफल घ्यायचीय. टू-टू-थ्री गोळीची घेऊ की टू-फोर-थ्रीची?"

सयाजीकडे पिकाच्या राखणीसाठी परवान्याची बारा बोअरची बंदूक होती. तिनं आजवर डुकरांना आवाजच तेवढा ऐकवलेला. रायफलीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण पोरगा अमेरिकेला, त्या वायोमिंगला पवनचक्क्यांच्या कामावर गेल्यापासून त्यानं बापाला काही विचारलं ते आजच. 'नाय माहीत' हे शब्द सयाजीच्या तोंडातून निघेनात.

"चौकशी करून सांगतो रे. घाई करू नको."

इस्त्रीचा सदरा घालून त्यानं महाडची एसटी धरली. शाळेतला सोबती नागसेन गायकवाड फौजेतून हवालदार होऊन परतल्यापासून तिथंच राहत होता. त्यानं चहा ठेवायला सांगितला आणि रंगात येऊन बोलू लागला.

"टू-टू-थ्री म्हणजे आमच्या फौजेतल्या इन्सास रायफलीच्या गोळीची बहीणच. हलकी, धक्का कमी. जवळून मारायचा तर तीच बरी. पण मोकळं रान असंल, वारा असंल, तर गोळी ढळते. टू-फोर-थ्रीची गोळी जड, ती वाऱ्याला दाद देत नाय."

सयाजी ते मनात घोकत होता. एवढं सांगायला पाच मिनिटं तरी लागतील, तेवढा वेळ पोरगा फोनवर राहील.

"पण सयाजीराव," नागसेननं बशी खाली ठेवली, "नोकरीपुरत्या गेलेल्या परक्या माणसाला तिकडं बंदूक अशी सहजी मिळत नाय म्हणतात. यशराजचं कायमचं राहायचं झालेलं दिसतंय. पेढे कुठायत?"

सयाजी हसला. "आणतो की," म्हणाला. चहा अर्धा ठेवून तो एसटी गाठायला उठला.

घरी बायकोला, आनंदीबाईला, त्यानं काही सांगितलं नाही. तिन्हीसांजेला, तिकडं उजाडल्यावर, त्यानं परसात जाऊन स्वतःच फोन लावला.

"तिकडचा कायमचा कागद झाला का रे तुझा?"

पलीकडे नुसता वारा घोंघावत होता.

"दिवाळीतच झाला, आबा. सांगणार होतो. आईचा आवाज ऐकला की जीभ रेटत नव्हती."

सयाजीला पुष्कळ विचारायचं होतं. वरच्या भातखाचराचं काय, तुझ्यासाठी बांधलेल्या खोलीचं काय. ते सगळं बाजूला सारून तो म्हणाला,

"वारा लय हाय ना तिकडं? मला इथवर ऐकू येतोय."

"लय आहे, आबा. थांबतच नाही."

"मग टू-फोर-थ्री घे. जड गोळी ढळत नाय." आणि नागसेननं सांगितलेलं सगळं त्यानं सावकाश, एकेक शब्द लांबवत सांगितलं. पोरगा मध्येच 'हो आबा' म्हणत राहिला. त्यानं एकदाही घाई केली नाही.

पुढच्या आठवड्यात फोटो आला. यशराजच्या खांद्याला नवी रायफल, आणि मागं आभाळाला टेकेपर्यंत पिवळं गवत. आनंदीबाईनं तो डोळ्यांजवळ नेऊन कितीतरी वेळ पाहिला.

"अहो, एवढी जमीन पडलीय. तिथं भात होत असंल का?"

"नाय गो," सयाजी म्हणाला. "पाऊसच नाय तिकडं."

फोटो मोठा करून ती लेकाच्या मागचं गवत न्याहाळत राहिली.