शंकरप्पांची निवड

सोनाबाईंचा बाप्तिस्मा होऊन बावीस वर्षं झाली होती, आणि तेवढीच वर्षं त्या नवऱ्यासाठी प्रार्थना करत आल्या होत्या. शंकरप्पा एसटीतून निवृत्त झालेले मेकॅनिक. दर रविवारी ते बायकोला जुळे सोलापुरातून स्कूटरवर चर्चला आणत, उपासना संपेपर्यंत खिडकीखालच्या कट्ट्यावर पेपर वाचत बसत आणि परत नेत. आत मात्र कधी आले नाहीत. त्यांनी विरोध केला असता तर सोनाबाईंना भांडता तरी आलं असतं. पण हा माणूस नुसता हसून 'बघू की' म्हणायचा.

त्यात जोतिराम नावाचे नवे पाळक आले. त्यांनी सलग तीन रविवार एकच विषय लावून धरला: कुणाचं तारण व्हायचं हे देवानं जग घडवण्याआधीच ठरवलंय, माणूस आपल्या बळावर त्याच्याकडे येऊच शकत नाही, त्यानं निवडलं तरच येतो. तिसऱ्या रविवारी परतताना शंकरप्पांनी सिग्नलला मान वळवली.

"ऐकलं की सगळं. माझं नाव असंल तर तो नेतोयच, नसंल तर तू तरी काय करणार? उगंच माझ्या मागं कशाला लागायलीस?"

सोनाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. बावीस वर्षांत न सापडलेली सबब चर्चनंच त्यांच्या नवऱ्याच्या हातात दिली होती.

दुसऱ्या दिवशी त्या पाळकांकडे गेल्या आणि सगळं ठरलेलंच आहे तर मी गुडघे कशाला झिजवले, असं त्यांनी सरळ विचारलं. पाळक समजुतीनं म्हणाले, तुमची प्रार्थनाही देवानंच ठरवली असेल, तिच्यातूनच तो त्यांना आणणार असेल. मग शंकरप्पा येणार का? ते पाळकांना माहीत नव्हतं.

तिथून त्या मंडळीतल्या सगळ्यांत वयस्क चिमाबाईंकडे गेल्या. चिमाबाई म्हणाल्या, असलं काही नसतं. देव सगळ्यांनाच बोलावतो, यायचं की नाही हे माणसाच्या हातात. आणि जाता जाता म्हणाल्या, तुमच्याच प्रार्थनेत जोर कमी पडत असेल.

म्हणजे एकाच्या मते प्रार्थना आधीच ठरलेली, दुसरीच्या मते ती अपुरी. घरी येईतो सोनाबाईंचं डोकं भणभणलं. त्या दिवसापासून त्यांनी जेवणाआधीच्या प्रार्थनेतून नवऱ्याचं नाव गाळलं.

चार दिवस शंकरप्पा गप्प जेवले. पाचव्या दिवशी दुपारी त्यांनी ताटाला हातच लावला नाही.

"माझं नाव घेतलं न्हाईस."

"आधीच ठरलेलं हाय म्हणून तुमीच सांगितलासा की," सोनाबाई म्हणाल्या.

"ते खरं. पर नाव घे. ऐकल्याबिगर घास जात न्हाय मला."

"मग येणार हाय का तुमी चर्चात?"

"ते न्हाय सांगत."

सोनाबाईंना रडावं की ओरडावं कळेना. स्वतः यायचं नाही, आणि बोलावणंही थांबवू द्यायचं नाही. त्यांनी हात जोडले, डोळे गच्च मिटले आणि देवाशी आजवर कधी बोलल्या नव्हत्या अशा आवाजात बोलल्या.

"प्रभू, निवडायचं तुझ्याकडं, यायचं ह्यांच्याकडं. तू काय ठरवलंस ते सांगंनास, हे जागचं हलंनात. मधल्या मधी मी पिचायलेय. काय ते दोघं बघून घ्या. आमेन."

शंकरप्पा आमेन म्हणाले नाहीत, हसलेही नाहीत. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि खाली मान घालून जेवू लागले. सोनाबाई पुढचे दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. प्रार्थनेत नाव मात्र घेत राहिल्या, रागारागानंच.