साहेबांनी मिटवलं

शिपाई माणिकप्पा बाकावर पाण्याची बादली ओतत होता, आणि वनमाला दारात उभी राहून बघत होती. घरी निघालेली ती डबा विसरला म्हणून परत आली होती. तो बाक तिचा होता. दिवसभर ती त्यावर बसायची.

"हे काय करताय, मामा?"

माणिकप्पानं मान वर केली नाही. "रोजच करतो, बाई. तू गेलीस की. सुपरवायझर सांगतेत."

बेंबळी गावाच्या बाजूला त्या उन्हाळ्यात टँकरसुद्धा धड येत नव्हता. वनमालाची आई केशरबाई लांबच्या विहिरीत उतरून वाटीनं घागर भरायची. आणि इथं एक बादली रोज बाकावर जात होती.

वनमाला बनसोडे दूध संघाच्या शीतकरण केंद्रात दुधाची फॅट तपासायला होती. बौद्धवाड्यातली बारावी झालेली ती पहिली मुलगी. तिला नोकरी दिली ती संघाचे चेअरमन वसंतरावांनी, तीही चौदा एप्रिलच्या सभेत, माईकवरून जाहीर करून. सुपरवायझर बाबूरावानं पहिल्याच आठवड्यात तिचा ग्लास खिडकीबाहेर ठेवायला लावला. कॅनमध्ये तिनं माप घालायचं नाही, माणिकप्पानं नमुना काढून तिच्या बाटलीत वरून ओतायचा, असंही ठरवलं. कॅन घेऊन आलेल्या लोकांसमोर तो तिच्या जातीवरून बोलायचा आणि हसायचा. हे सगळं तिनं सोसलं होतं. बादली मात्र तिला गिळवेना.

दुसऱ्या दिवशी वडिलांना, पिराजींना घेऊन ती वसंतरावांच्या बंगल्यावर गेली. वसंतरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचे डोळे भरून आले.

"माझ्या संघात असं व्हावं?" ते म्हणाले. "बाळ, लेखी तक्रार दे. बाकी माझ्यावर सोड."

लगेच जीप काढून ते केंद्रावर आले. सगळ्यांसमोर त्यांनी बाबूरावाला झापलं, हात जोडायला लावले. खिडकीबाहेरचा ग्लास मागवून त्यात पाणी प्यायले. परतताना पिराजी सारखं म्हणत होते, "देवमाणूस हाय." वनमालालाही तसंच वाटलं. त्याच दिवशी तिनं तक्रार लिहून दिली.

मग कित्येक दिवस कुणी काही विचारलं नाही. बाबूराव तिच्याशी बोलायचाच बंद झाला. एका सकाळी वसंतरावांची जीप केंद्रावर आली, आणि त्यांनी तिला शेजारी बसवून घेतलं.

"काल संध्याकाळी पिराजींशी बोलणं झालं," ते मायेनं म्हणाले. "मला म्हणाले, साहेब, पोरीचं ते प्रकरण मिटवा, आमाला पाणी द्या. वडीलमाणूस आहे, बाळ. त्यांचा शब्द मोडू नको."

वनमालाला कालची रात्र आठवली. रात्री आबा गप्प गप्प होते, ते यासाठी? जीप बौद्धवाड्यात शिरली तेव्हा बोअरची गाडी खडखडत होती, पांढऱ्या धुरळ्यात पोरं नाचत होती. ती उतरतेय तोवर जमिनीतून पाण्याचा फवारा उडाला. बायका घागरी घेऊन धावल्या. माईक लावलेला होता. आणि माईकशेजारी, हातात नारळ घेऊन, बाबूराव उभा होता.

"वनमालानं मोठ्या मनानं तक्रार मागं घेतली," वसंतराव माईकवरून बोलायला लागले. "थोडा गैरसमज होता, तो मिटला. आज बाबूरावांच्याच हातून या पाण्याची पूजा होईल."

ती गर्दीतून वडिलांपाशी गेली. "आबा, तुम्ही असं का म्हणलात?"

"काय म्हणलो?"

"माझं प्रकरण मिटवा म्हणून."

"म्या कवा म्हणलो? साहेब मला म्हणले, पोरीनंच मिटवलंय, तिला लाज वाटती, घरात इषय काढू नका. म्हणून म्या रातभर गप होतो."

मग पिराजी चालत माईकपाशी गेले. आजवर त्यांनी माईक हातात धरला नव्हता.

"साहेब, तुमी मला म्हणलात पोरीनं मिटवलं. पोरीला म्हणलात म्या मिटवलं. मंग मिटवलं कुणी?"

वसंतरावांचं हसू हललं नाही. त्यांनी माईकवर तळहात ठेवला आणि ज्या आवाजात ते 'बाळ' म्हणायचे त्याच आवाजात म्हणाले, "पिराजी, हातपंप अजून ट्रकातच आहे. नीट विचार करा."

पुढं उभ्या असलेल्या बायकांनी ते ऐकलं. "घे की मागं, पोरी," एकजण कळवळून म्हणाली. "पाणी लागलंय गं." दुसरीनं शिवी हासडली. वनमाला धुरपदाबाईकडं वळली. वाड्यातली सगळ्यात म्हातारी बाई ती.

"आज्जी, घेऊ मागं?"

धुरपदाबाईनं बोअरकडं पाहिलं. "न्हाय," ती म्हणाली, आणि रिकामी घागर काखेत घेऊन विहिरीच्या वाटेला लागली. काहीजणी तिच्यामागं गेल्या, काही तिथंच रडत बसल्या. ट्रक हातपंपासकट परत गेला.

वनमालानं पोलिसात तक्रार दिली. बाबूरावाची मुरुम गावच्या केंद्रावर बदली झाली, तीही मॅनेजर म्हणून. वनमालाला कॅन धुण्यावर टाकलं. बायका रिकाम्या घागरी घेऊन तहसील कचेरीसमोर बसल्या, तेव्हा कुठं पावसाळ्याच्या तोंडाला सरकारी हातपंप बसला. खटला चार वर्षं चालला. माणिकप्पा नोकरीवर पाणी सोडून कोर्टात उभा राहिला आणि म्हणाला, "व्हय, म्या रोज वतायचो." बाबूरावाला शिक्षा झाली.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी बौद्धवाड्यात जीप आली. वसंतराव हार घेऊन उतरले, बरोबर फोटोग्राफर होता. वनमाला दारात तांदूळ निवडत होती.

"बाळ," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे खरोखर भरून आले, "पहिल्या दिवसापासून मी तुझ्या पाठीशी होतो. आज जिंकलो आपण."

वनमालानं त्यांच्या चेहऱ्यावर खोटेपणा शोधला. तिला तो कुठंच सापडला नाही. हारासाठी मान पुढं न करता ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली.