दुसरी चूल

वळसंगमध्ये कुणाचं घर वेगळं झालं की गाव कारण शोधत बसत नाही. कारण तयारच असतं, ते म्हणजे धाकटी सून. पूनमच्या बाबतीतही गावानं फारसं डोकं शिणवलं नाही. थोरला दीर आबासाहेब देवमाणूस, नवरा गरीब गाय, मग उरलं कोण? झालं, निकाल लागला.

खरं कारण तिची मुलगी अपेक्षा होती. दहावी झाल्यावर पुढं शिकायला सोलापूरला कुणी जायचं हा विषय घरात निघाला, तेव्हा आबासाहेबांनी ठरवलं की आपला पोरगा अभिमन्यू जाईल, अपेक्षानं गावातच बारावी करावी, मग पुढचं बघू. ठरवलं म्हणजे जेवताना सांगितलं. त्या घरात ठरवणं आणि सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. लग्न होऊन आल्यापासून पूनम दिरासमोर कधी मोठ्यानं बोलली नव्हती. ती भाकरी थापता थापता म्हणाली, तर मग आमची चूल वेगळी करा. महिन्याभरात अंगणात भिंत उभी राहिली. भिंतीच्या एका बाजूला आबासाहेब, त्यांची बायको बजाबाई, अभिमन्यू आणि बायकापोरं नसलेले म्हातारे चुलते माउली तात्या. दुसऱ्या बाजूला पूनम, तिचा नवरा आणि अपेक्षा. अपेक्षा सोलापूरला शिकायला लागली आणि गाव म्हणालं, पोरीच्या शिक्षणापायी बाईनं घर फोडलं.

हे वाक्य अपेक्षाला पाठ झालं होतं. गिरणीत दळण ठेवताना, लग्नाच्या मांडवात, एष्टीची वाट बघताना ते कानावर यायचंच. तोंडावर कुणी म्हणत नसे, लोक तेवढे शहाणे आहेत. पण आई आली की बायकांचं बोलणं थांबायचं, आणि आई ते ऐकू न आल्यासारखी पिशवी सावरून पुढं जायची. अपेक्षाला त्याचा फार राग येत असे. आईनं घर फोडलेलं नाही, हे एकदा चारचौघांत, आईच्या देखत, मोठ्यानं सांगावं एवढीच तिची इच्छा होती. ते कसं सांगायचं हे मात्र तिला कळत नव्हतं. शेवटी तिच्या मदतीला स्कॉटलंड आलं.

स्कॉटलंड सोलापुरात कसं आलं, तेही सांगायला हवं. आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेचा फिरता करंडक ज्या सद्गृहस्थांनी ठेवला होता, त्यांचा मुलगा एडिंबरोत नोकरीला. ते त्याच्याकडे दोन महिने राहून आले. थंडीमुळे घराबाहेर पडायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी टीव्हीवरच्या चर्चा बघितल्या आणि परतताना मफलरसोबत विषयही घेऊन आले. 'स्कॉटलंडने ब्रिटनपासून स्वतंत्र व्हावे.' पाण्याची पाळी चार दिवसांनी येणाऱ्या शहरात हा विषय ऐकून बरीच मंडळी हसली. पण ज्याचा करंडक त्याचा विषय, त्याला इलाज नव्हता.

राज्यशास्त्राच्या वेणीमाधव सरांनी कॉलेजच्या संघासाठी अपेक्षा आणि अभिमन्यूला निवडलं. एकच आडनाव, एकच गाव, दोघंही बोलायला पक्के. सरांना वाटलं, सराव सोपा जाईल. भिंतीचं त्यांना काही माहीत नव्हतं. एकाच गल्लीतून अभिमन्यू मोटारसायकलनं निघायचा आणि अपेक्षा एष्टीनं. गावात दोघं एकमेकांकडे बघत नसत, आणि सोलापूरच्या स्टँडवर एकत्र चहा पीत.

वादविवादाच्या स्पर्धेतली रीत अशी, की संघात दोघं असतात. एकानं अनुकूल बोलायचं, दुसऱ्यानं प्रतिकूल. दोघांचे गुण एकत्र धरतात आणि करंडक संघाला मिळतो. नवखी पोरं इथंच फसतात. आपला जोडीदार विरुद्ध बाजूला आहे म्हणून त्याच्यापासून चांगले मुद्दे लपवून ठेवतात, तो पडतो, आणि मग स्वतः कितीही गाजवलं तरी करंडक दुसऱ्याच्या बगलेत जातो. जुळे सोलापूर या उपनगरातल्या आपल्या फ्लॅटवर सरांनी पहिल्याच रविवारी बजावलं, की समोरच्याच्या हातात स्वतः तलवार द्यायची आणि मग वार झेलायचा. ज्याला हे जमत नाही त्यानं वक्तृत्वाला जावं, तिथं आपलं आपणच बोलायचं असतं.

चिठ्ठीत अपेक्षाला अनुकूल बाजू आली, म्हणजे स्कॉटलंडला वेगळं काढायचं काम तिचं. अभिमन्यूनं ब्रिटन एकत्र ठेवायचं होतं. दोघं कामाला लागले. तीनशे वर्षांचा संसार, एकच पौंड, एकच फौज, दोन महायुद्धांत शेजारी शेजारी पुरलेली पोरं, एक आजी ग्लासगोची आणि दुसरी लिव्हरपूलची असलेले लोक, हे सगळं अपेक्षानं शोधून अभिमन्यूला दिलं. त्यानं तिला युरोपचं प्रकरण दिलं. युरोपातून बाहेर पडायचं की नाही असं विचारलं तेव्हा स्कॉटलंड म्हणालं राहू या, बाकीचं घर म्हणालं निघू या, आणि स्कॉटलंडला मुकाट्यानं निघावं लागलं. हे वाचताना अपेक्षाला जेवताना सांगितलेला आबांचा निर्णय आठवला. तिनं ते अभिमन्यूला सांगितलं नाही.

मग एक मुद्दा तिलाच सुचला. आपल्याकडे भाऊ वेगळे होतात, चुली वेगळ्या होतात, पण भावकीत कुणी गेलं की सुतक दोन्ही घरांना लागतं. सुतकाला भिंत ठाऊक नसते. म्हणजे नातं कारभारापेक्षा खोल असतं, ब्रिटिशपण तसंच. मुद्दा सोन्यासारखा होता आणि तो अभिमन्यूच्या बाजूचा होता. तो म्हणाला, तूच ठेव की. तिनं सरांची आठवण करून दिली आणि मुद्दा त्याला देऊन टाकला. देताना जीव थोडा खालीवर झाला, ते साहजिकच होतं.

स्पर्धेच्या दिवशी आबासाहेब कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले. पोरगं बोलणार म्हटल्यावर त्यांनी गावातून जीप आणली होती. पूनम एष्टीनं आली. नवऱ्याची शेतात पाण्याची पाळी होती, त्यामुळे ती एकटीच आली आणि दाराजवळच्या शेवटच्या रांगेत पिशवी मांडीवर घेऊन बसली. असल्या सभागृहात ती पहिल्यांदाच येत होती. दिराला बघून तिनं पदर डोक्यावर घेतला, आबासाहेबांनी मान दुसरीकडे वळवली.

सोलापुरातली पोरं, त्यामुळे बहुतेकांनी सुरुवात १९३० च्या मार्शल लॉपासून केली. ज्या सोलापुरानं इंग्रजांना हाकललं ते सोलापूर स्कॉटलंडच्या पाठीशी आहे, असं एकानं ठणकावून सांगितलं. टाळ्या पडल्या. परीक्षक देवयानी वकील मात्र हनुवटीला पेन लावून शांत बसल्या होत्या.

अभिमन्यूचं नाव आलं आणि तो उत्तम बोलला. युद्धातल्या कबरींवर सभागृह गप्प झालं, दोन आज्यांवर हसलं, आणि सुतकाच्या मुद्द्यावर तर मागची पोरं बाकं बडवायला लागली. त्या आवाजानं त्याला चेव चढला. सरावात नव्हतं ते तो बोलून गेला. "आमच्या गावात म्हणतात, घर परक्यानं फुटत नसतं. घरातलंच कुणीतरी एक दिवस चूल वेगळी मांडतं, आणि मग पिढ्यान् पिढ्या भिंतीला डोकं लावून बसायची वेळ येते."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत आबासाहेबांची मान ताठ झाली. टाळ्या ओसरल्या तशी अभिमन्यूची नजर दाराजवळच्या रांगेत गेली, काकी दिसली, आणि आपण काय बोललो ते त्याला कळलं. पण घंटा वाजली होती. तो पडल्या चेहऱ्यानं खाली उतरला.

पूनमनं पिशवी उचलली नाही की मान वळवली नाही. गिरणीत बसते तशी ऐकू न आल्यासारखी बसून राहिली. ते अपेक्षानं पाहिलं. पुढचंच नाव तिचं होतं. माइकपर्यंत जाताना तयार केलेल्या भाषणाची सुरुवात ती पार विसरली. आपलाच मुद्दा, आपल्याच हातानं दिलेला, आणि तो आईच्या कपाळावर बसला होता. मग तिला त्या मुद्द्याचा उरलेला अर्धा भाग दिसला. तो इतके दिवस डोळ्यांपुढं होता आणि तिच्या ध्यानात आला नव्हता.

"आधीचे वक्ते म्हणाले ते खरं आहे," तिनं सुरुवात केली. "चूल वेगळी झाली तरी सुतक एकच लागतं. पण त्यांनी निम्मंच सांगितलं. मयत ज्या घरात होतं त्या घरात चूल पेटत नाही. मग त्या दिवशी त्या घरातली माणसं काय खातात?"

वर्षभरापूर्वी थोरल्या घरात माउली तात्या वारले होते. अंत्यविधी करून माणसं परतली तेव्हा उन्हं कलली होती. आलेल्या पाहुण्यांची पोरं भुकेनं कावली होती, बजाबाई भिंतीला टेकून बसली होती. तेवढ्यात भिंतीवरून एक बांगड्यांचा हात आला आणि त्या हातानं पिठल्याचं पातेलं आणि भाकरीची चवड भिंतीवर ठेवली. बजाबाईनं उठून भाकरी घेतली. त्यावर पुढं कधी कुणी शब्द काढला नाही, आणि गावानं तर तो हात पाहिलाच नव्हता.

अपेक्षानं कुणाचं नाव न घेता हे सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, "घरात एकच चूल असती तर त्या दिवशी सगळेच उपाशी झोपले असते. दुसरी चूल होती म्हणून भाकरी आली. जिनं ती मांडली तिला गाव म्हणतं, हिनं घर फोडलं. मी म्हणते, तिनं घर जेवू घातलं."

तिथून तिनं गाडी सरळ एडिंबरोला नेली. २०१४ च्या मतदानात ज्यांनी वेगळं व्हायचा कौल दिला, त्यांनी राणी टाकून द्या म्हटलं नव्हतं, पौंडही टाका म्हटलं नव्हतं. त्यांना आपल्या ताटात काय वाढायचं ते स्वतः ठरवायचं होतं. तेव्हा पंचावन्न टक्के लोक नको म्हणाले, तो त्यांचा हक्क. पण उद्या हो म्हणाले तर ती फारकत समजू नका. लंडनच्या घरात एखाद्या दिवशी चूल विझली तर शेजारी एक पेटती चूल असेल एवढंच समजा. वेगळं होणं म्हणजे तुटणं नव्हे. तुटलेली माणसं भिंतीवरून भाकरी देत नाहीत.

घंटा वाजली तेव्हा तिचं बोलून संपलं होतं. पहिली टाळी अभिमन्यूनं वाजवली, तीही उभं राहून. आपल्या विरुद्ध बोललेल्या वक्त्याला उभं राहून टाळ्या देणारा स्पर्धक परीक्षकांनी आजवर पाहिला नसावा. त्याच्यामागं सगळं सभागृह उठलं. सर चष्मा पुसत होते, आणि मागची पोरं बाकं अशी बडवत होती की शिपायानं येऊन दम भरला.

निकालाला फार वेळ लागला नाही. प्रतिकूल बाजूत अभिमन्यू पहिला, अनुकूल बाजूत अपेक्षा पहिली, करंडक त्यांच्या कॉलेजला. देवयानीताईंनी बोलताना सांगितलं, की या संघानं एकमेकांविरुद्ध जीव तोडून बोलून एकमेकांना जिंकवलं. अपेक्षानं आणि अभिमन्यूनं करंडकाचा एकेक कान धरला आणि फोटो निघाला. मग अभिमन्यू करंडक सोडून आधी शेवटच्या रांगेकडे गेला आणि काकीच्या पायाला हात लावला. पूनमनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. लहानपणी ती घालायची तसाच तो होता.

बाहेर आवारात आबासाहेब जीपजवळ उभे होते. थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी तोंडाला तोंड देऊन बोलायची रीत त्या घरात पूर्वीही नव्हती, आणि भिंत उभी राहिल्यापासून तर शब्दच बंद होता. पूनम डोक्यावर पदर घेऊन पाच पावलांवर थांबली. आबासाहेबांनी पुतणीला हाक मारली.

"आपे, तुज्या आईला सांग, त्या दिशी ती भाकरी मी बी खाल्ली हुती." आजूबाजूला जीपमधून आलेली वळसंगची चार माणसं होती, ती ऐकत होती, आणि आबासाहेबांना ते दिसत होतं. "आन् हे बी सांग. घर फोडलं ह्यो शबूद गावात पयला मी काढला. त्यो मी मागं घेतो. घर फुटलं नव्हतं."

अपेक्षाला रडू फुटलं, आणि ते तिनं लपवलं नाही. निरोप पोचवायची गरज नव्हती, आई तिथंच उभी होती. पण रीत ती रीत. पूनमनंही मुलीकडेच बघून उत्तर दिलं, आणि या खेपेला तिची मान खाली नव्हती.

"म्हणावं, व्हय. आयकलं मी," ती म्हणाली. "आन् म्हणावं, सांजच्याला समद्यांनी आमच्याकडं जेवायला यावं. बजाबाईंना बी घिऊन या. पर सैपाक माज्याच चुलीवर हुईल."

आबासाहेबांनी मान डोलावली आणि जीपचं मागचं दार उघडून धरलं. पूनमनं पिशवी काखेत मारली.

"म्हणावं, जीप ऱ्हाऊ द्या. आमी एष्टीनंच येतो," ती म्हणाली, आणि लेकीचा हात धरून ताठ मानेनं स्टँडच्या वाटेला लागली.