शाइस्ताचा रंग

ब्लीच करून माणूस उजळतो, या समजावर माझं पार्लर चालतं. त्यामुळे त्याविरुद्ध मी सहसा तोंड उघडत नाही. पण त्या गुरुवारी आबेदाभाभी मुलीला घेऊन आल्या आणि मला राहवलं नाही.

आबेदाभाभींचं बिबवेवाडीत आमच्याच गल्लीत शिवणकामाचं दुकान आहे. मुलगी शाइस्ता हडपसरला नोकरी करते. रविवारी तिची मंगनी होती. नवरामुलगा फैज आणि त्याच्या घरच्यांनी तिला वर्षापूर्वी एका लग्नात पाहून पसंत केलं होतं. मीही तिला बऱ्याच महिन्यांनी पाहत होते, आणि बघतच राहिले. गोरीपान पोरगी न घासलेल्या तांब्याच्या हंड्यासारखी काळपट झाली होती.

"उन्हानं झालंय," भाभी म्हणाल्या. "रोज गाडीवर जाते ना. रविवारपर्यंत पहिल्यासारखी करून द्या, दीपमालाताई."

मी शाइस्ताची बाही वर सरकवली. दंडही तसाच. म्हटलं, "हडपसरचं ऊन भलतंच हुशार दिसतंय. बाहीच्या आतसुद्धा शिरतं!"

भाभींनी मांडीवरची पर्स जवळ ओढली. शाइस्ता मात्र सरळ म्हणाली, "ताई, मला टीबी आहे. नेहमीच्या औषधांना न जुमानणारा. त्याच्या एका गोळीनं कातडीचा रंग बदलतो. कोर्स संपला की हळूहळू उतरतो."

माझा हात आपोआप मागे आला. खोटं कशाला बोलू, घाबरले मी.

"तपासणीत आता जंतू सापडत नाहीत," माझ्याकडे बघत ती म्हणाली. "डॉक्टरांना विचारूनच ऑफिसला जाते. पण औषध अजून पुष्कळ दिवस घ्यायचंय. आणि कालपासून अम्मीनं गोळ्या स्वतःच्या पर्समध्ये कोंडून ठेवल्यात. मंगनीपर्यंत बंद."

"चार दिवसांनी काय बिघडतंय?" भाभी उसळल्या. "त्या लोकांनी हिला अशी पाहिली तर नाही म्हणतील. पोरगी घरात बसेल माझी."

"आणि रोग उलटला तर? मग तो या गोळ्यांनाही जुमानणार नाही. तेव्हा कुठल्या आणशील, अम्मी?"

मला भाभींचा संताप आला. पण पोरींना उजळ करून द्या म्हणणाऱ्या आया मी रोज बघते आणि कोणालाच परत पाठवत नाही, तेव्हा संतापायला तोंड कुठं होतं मला? तरी म्हटलं, "भाभी, चार दिवसांत हा रंग जायचा नाही. रविवारी मी मेकअपनं झाकीन. सोमवारी कोण झाकणार?"

भाभी काही बोलायच्या आत शाइस्तानं फोन काढला, फैजला लावला आणि स्पीकर सुरू केला.

"मला टीबी आहे," ती म्हणाली. "उपचार सुरू आहेत, बरी होणार आहे. औषधानं रंग काळवंडलाय. लपवून मंगनी करायची नाही मला. घरी सांगा आणि काय ते ठरवा."

पलीकडून "अम्मीशी बोलतो" एवढंच ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

"घालवलंस सगळं," म्हणत भाभी मटकन खुर्चीत बसल्या. रडू लागल्या.

शाइस्ताच्या डोळ्यांतही पाणी होतं, पण तिनं हात पुढे केला. "गोळ्या दे, अम्मी. कालची चुकली. आजची चुकवणार नाही."

भाभी त्या हाताकडे बघत राहिल्या. मनगट इतकं बारीक झालं होतं की बांगडी कोपरापर्यंत सहज चढली असती. पदरानं नाक पुसून त्यांनी विचारलं, "काही खाल्लंयस का? रिकाम्या पोटी उलट्या होतात तुला."

मी पळत जाऊन समोरच्या बेकरीतून बनपाव आणला. ती खात असताना भाभी पर्समधल्या गोळ्यांच्या पाकिटातून एकेक गोळी काढून स्वतःच्या तळहातावर ठेवत होत्या.

तेवढ्यात फोन वाजला. फैजचं नाव दिसत होतं. शाइस्तानं झडप घातली, पण भाभींनी त्याआधीच फोन ओढून पालथा घातला.

"वाजू दे," त्या म्हणाल्या. "आधी या घे."