ठोकळोबाची बारीक वायर

मी ठोकळोबा बोलतोय. हसा खुशाल. खरं तर मी होम थिएटरचा रिसिव्हर, टीव्हीखालच्या कपाटात बसणारा काळा, जड डबा. चित्र टीव्हीनं दाखवायचं आणि आवाज मी पाच स्पीकरांना वाटून द्यायचा, अशी आमची वाटणी. ठोकळोबा हे बाबांनी ठेवलेलं लाडाचं नाव. आत्ता मी दाराशी पडलोय आणि भंगारवाला जिना चढतोय, तेव्हा पाल्हाळ लावत नाही.

बाबांनी मला घरी आणलं तेव्हा आईंनी कपाळाला हात लावला. "एवढं धूड ठेवायचं कुठं? माझ्या डोक्यावर?" बाबा हसले आणि माझ्या पाठीमागे शिरले. माझ्या पाठीला भोकंच भोकं. कुठल्या भोकातून काय घ्यायचं, ते बाबांनी मला एकेक करून पढवलं.

रोजच्या बातम्या टीव्ही स्वतःच्याच तोंडानं वाचायचा. मी फक्त सिनेमाचा मानकरी. बाबांकडे जुन्या सिनेमांच्या डिस्क होत्या. त्यांचा प्लेअर आधी एकाच जाड वायरीनं मला जोडला होता; पण ओठांची आणि आवाजाची सारखी चुकामूक व्हायची. आई वैतागायच्या. मग बाबांनी आवाजासाठी वेगळी बारीक वायर आणली, माझ्या सेटिंगमध्ये बदल केला आणि मला थोपटून म्हणाले, "चित्र जाडीतून, आवाज बारकीतून. काय समजलास, ठोकळोबा?"

समजलो. मी हुकमाचा ताबेदार. तेव्हापासून जाड वायरीतून आवाज आला तरी मी त्याला दारातूनच परत पाठवतो.

पुढे बाबांना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. दिवसभर गप्पा ठोकणारा माणूस नुसता बघत बसायचा. बोलायला शिकवणाऱ्या बाई घरी येऊ लागल्या. त्या म्हणाल्या, "त्यांना पाठ असलेलं काहीतरी रोज ऐकवा. पाठ असलेलं आधी परत येतं."

पाठ काय होतं? सिनेमे! आई रोज त्यांचा आवडता, वकिलाचा सिनेमा लावायच्या. त्यातला वकील भर कोर्टात ओरडतो, "थांबा!" एके दिवशी त्याच्या पाठोपाठ बाबाही म्हणाले, "थां... थांबा." आई पदर तोंडाला लावून रडल्या. मला तर आवाज आणखी किती मोठा करू, असं झालं होतं.

आणि नेमके तेव्हाच घरात रंगारी आले. कपाट सरकवलं, सगळ्या वायरी उपटल्या. रंग झाल्यावर दादानं, म्हणजे त्यांच्या मुलानं, मला पुन्हा जोडलं. जाड वायर लावली. बारीक वायर हातात घेऊन म्हणाला, "ही कसली सुतळी?" आणि ती कपाटामागेच सोडून दिली.

चित्र आलं. आवाज कुठून येणार? दादानं आवाजाचं बटण पार टोकाला नेलं, माझ्या टाळक्यात दोन चापट्या मारल्या. "गेला हा डबा!"

अरे, गेला काय? मी ठणठणीत आहे रे! माझं ऐकतो कोण?

एका माणसाला मात्र सगळं कळलं होतं. बाबा डाव्या हातानं कपाटामागे दाखवत होते. आई म्हणाल्या, "अहो, पाणी हवंय का?" त्यांनी नाही अशी मान हलवली. मग त्यांनी रिमोट ओढून घेतला. डाव्या अंगठ्यानं माझी सेटिंग उघडली. 'आवाज कुठून घ्यायचा', तिथपर्यंत पोचले! एक बटण, फक्त एक बटण राहिलं होतं, तोच दादानं रिमोट काढून घेतला. "बाबा, उगाच दाबत बसू नका, आहे तेही बिघडेल."

बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर बाई आल्या की ते डोळे मिटून घेतात. तो 'थांबा'सुद्धा गेला. दादा म्हणाला, त्यांचं मन आता सिनेमात रमत नाही. म्हणून आज मी, प्लेअर आणि सगळ्या डिस्क दाराशी.

आला भंगारवाला. उचललं त्यानं मला. सोड रे, सोड!

खुर्चीत बाबा अर्धे उठलेत. मानेच्या शिरा ताठरल्यात. तोंड वाकडं होतंय, लाळ गळतेय, आणि...

"वा... वायर!"

सगळे जागच्या जागी थांबले. मग आईंनी त्यांना मिठीच मारली. "बोलले! अहो, हे बोलले!" दादानं बाईंना फोन लावला. "बाई, नवा शब्द! सिनेमातला नाही, स्वतःचा!"

"वायर! वायर!" बाबा ओरडतायत, रडतायत.

"शाब्बास, बाबा! अजून एकदा म्हणा!" दादा टाळ्या वाजवतोय.

भंगारवाला मला घेऊन जिना उतरतोय. एक मजला गेला. वरून अजून टाळ्या ऐकू येतायत.

अहो, कौतुक नंतर करा! आधी त्यांना विचारा ना, कुठली वायर?