बुडणाऱ्याला जाग येते का

"त्याला जाग येणार नाही," योगेश म्हणाला. "नियमांत तसंच लिहिलंय."

तृप्ती खिडकीपाशी जाऊन परत आली. दोन हजार पाचचा मे, भर दुपार आणि लोडशेडिंग. गंगापूर रोडवरच्या किशोरच्या खोलीत पंखा बंद होता आणि सतरंजीवर चौघांचा खेळ अडला होता. खेळ कल्पनेतल्या राज्याचा. गोष्ट तृप्ती सांगायची, संकटं तीच उभी करायची आणि निवाडाही तिचाच. बाकीचे तिघं एकेक पात्र चालवायचे. वीस बाजूंचा फासा नाशकात कुठे मिळेना, म्हणून हाऊझीचे एक ते वीस आकडे कापडी पिशवीत घालून त्यातून काढायचे.

पल्लवीनं आत्ता काढलेला आकडा वाईट निघाला होता. तिचा सरदार मानाजी नदी ओलांडत असताना चेटकिणीनं मंत्र टाकला आणि तो झोपी जाऊन पाण्याखाली गेला. वर्षभर तिनं हे पात्र जपलं होतं. ते मेलं, तर संपलं. परत आणायची सोय नव्हती.

नियमांच्या झेरॉक्समध्ये मंत्राच्या पानावर होतं : झोपलेला माणूस जखम झाली तरच जागा होतो. पाण्याच्या पानावर होतं : बुडणाऱ्याला जखम होत नाही, दम संपला की तो मरतो.

"म्हणजे नाकातोंडात पाणी जातंय आणि हा घोरतोय?" पल्लवी उसळली. "योग्या, पोहायला गेलायस का रे कधी?"

"नियम मी नाही केला."

"अक्कल म्हणूनही काही असतं."

"अक्कल प्रत्येकाची वेगळी. पुस्तक एकच."

तृप्तीला दोघांचंही पटत होतं आणि त्यामुळेच तिला एका जागी बसवेना. प्रयोगशाळेत रीडिंग विचित्र आलं की ती पुन्हा घ्यायची. त्याच सवयीनं ती बोलून गेली, "करून बघू या."

किशोर आमरस-पोळी चेपून भिंतीकडे तोंड करून झोपला होता. पल्लवीनं पेल्यात बोटं बुडवून त्याच्या नाकात चार थेंब सोडले. तो शिंकत, ठसकत उठून बसला.

"लय मस्ती आली का गं पल्ले? घोटीला नेऊन धरणात टाकीन!"

"बघ, आली जाग!"

"ही आमरसाची झोप," योगेश म्हणाला. "मंत्राची नाही."

तृप्तीला हसू आलं, पण टिकलं नाही, कारण योगेश पुढे सरकला होता.

"ठीक. दे मानाजीला जाग. मग खंदकातल्या पहारेकऱ्यांचं काय?"

गेल्या रविवारी मानाजीनंच शत्रूच्या पाच पहारेकऱ्यांना हाच मंत्र घालून पाण्यानं भरलेल्या खंदकात ढकललं होतं. ते मेले असं धरून तिघं आपलं गाव राखणीविना टाकून पुढे निघाले होते. पहारेकरी जिवंत असतील, तर एव्हाना त्यांनी फौज गावात आणली असणार. त्या गावातल्या घराघराला पल्लवीनंच नावं दिली होती.

"ते वेगळं होतं," पल्लवी म्हणाली.

"काय वेगळं?"

ती सतरंजीचा धागा ओढू लागली. मग हलकेच म्हणाली, "बुडू दे मानाजीला. गाव राहू दे."

आता सगळं सोपं होतं. पुस्तक तेच म्हणत होतं, योगेशची हरकत नव्हती, पल्लवीची तर विनंतीच होती. एवढी सोय तृप्तीला सहन होईना. ती पुन्हा खिडकीपर्यंत गेली. किशोर अजून नाक पुसत होता.

"नाही," ती वळून म्हणाली. "नाकात पाणी गेलं की माणूस उठतो. मानाजी उठला. पहारेकरीही उठले होते."

"तृप्ते, मी सांगतेय ना, बुडू दे!"

"तुला काय परवडतं त्यावरून ठरत नाही ते. मला काय परवडतं त्यावरूनही नाही."

योगेशनं झेरॉक्स मिटून बाजूला ठेवली. निकाल दोन्हीकडे सारखा लागला होता, तरी जिंकल्यासारखा तो दिसत नव्हता. "गेल्या रविवारीच हे सांगायला हवं होतंस," तो म्हणाला.

"हो. तेव्हा डोक्यातच आलं नाही."

"आणि गावाचं काय झालं?" किशोरनं विचारलं.

"अजून मलाही माहीत नाही." तृप्ती सतरंजीवर बसली आणि तिनं नकाशा ओढून घेतला. "पल्लवी, मानाजी काठाला लागलाय. खोकतोय. समोर गावाकडच्या टेकडीमागे धूर दिसतोय. तो काय करतो?"

पल्लवी तिच्याकडे न बघता डोळे पुसत म्हणाली, "धावतो."