भिंतीतली नळी

भंगार नियंत्रण कार्यालयाच्या पत्राला मी अजून उत्तर दिलं नव्हतं. पत्र तसं लहानच होतं. भंगारवाल्याच्या हातगाडीवर सापडलेली तांब्याची नळी आपली आहे काय, एवढंच त्यांनी विचारलं होतं. असल्यास तसं लिहून द्यावं, आणि नळी जागेवर असताना पाहिलेल्या साक्षीदाराची सही जोडावी.

"एका ओळीचं काम," ताई म्हणाली. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. घरात आम्ही दोघंच. "होय, माझी आहे. झालं! त्यात ग्रंथ काय लिहायचाय?"

"पण ती माझी आहे का, तेच कळत नाही ना."

ताईने कपाळाला हात लावला.

माझी अडचण खरी होती. प्लंबरने घरात नवे प्लास्टिकचे नळ घातले, तेव्हा भिंतीतली जुनी नळी तो ओढायला लागला, आणि ती येतच राहिली. आमची भिंत संपली तरी नळी संपेना. भिंतीपलीकडे गाण्याच्या बाई राहतात. म्हणजे अर्धी नळी त्यांची तर नाही? ही शंका मला आली, पण नळी विकून झाल्यावर. माझ्या शंका नेहमी अशाच वरातीमागून येतात.

तांब्याच्या चोऱ्या वाढल्यापासून कायदा कडक झाला आहे. मालकाची चिठ्ठी जवळ नसेल तर भंगारवाल्याला तांबं नेता येत नाही, की विकता येत नाही. आमच्या भंगारवाल्याने चिठ्ठी मागितलीही होती. "दोन ओळी खरडा, काका." पण दोन ओळी खरडणं मला कधी जमलेलं नाही. "नीट लिहून संध्याकाळी पाठवतो," असं मी म्हणालो. तो बिचारा माझ्या शब्दावर निघाला आणि पहिल्याच नाक्यावर अडकला. नळी जप्त, वर गाडीही जप्त.

शेवटी तो स्वतःच दारात येऊन उभा राहिला.

"काका, उद्या मुदत संपते. उद्याच्या आत टपालाचा शिक्का बसून उत्तर नाही गेलं तर गाडीचा लिलाव. आणि कसा, माहीत आहे? वजनावर! आयुष्यभर मी लोकांचं भंगार तोललं, आता माझीच गाडी तोलणार."

"मी लिहितोच आहे," मी म्हणालो.

"लिहितोय कसला!" ताई आतून ओरडली. "मालकी म्हणजे काय, त्यावर चार पानं झाली आहेत. कायद्याचं पुस्तकही आणलंय वाचनालयातून."

भंगारवाल्याने टेबलावरच्या कागदांकडे पाहिलं. "रद्दी म्हणून द्या ती, काका. तिला चिठ्ठी लागत नाही."

मला हसू आलं आणि लाजही वाटली. गाडी नाही म्हणून तो पाठीवर पोतं घेऊन हिंडत होता.

"साक्षीदाराचं काय पण?" मी विचारलं. "नळी भिंतीच्या आत होती. जागेवर पाहिली कुणी?"

"शेजारी विचारा की!" भंगारवाला म्हणाला.

शेजारी विचारायचं म्हणजे बाईंशी बोलायचं. इतकी वर्षं शेजारी राहून आमचं बोलणं 'पाऊस येईल बहुतेक' याच्या पुढे गेलं नव्हतं. आणि आता जाऊन सांगायचं काय, तर बाई, मी तुमची अर्धी नळी विकली असावी. ताईने मला मागून ढकलतच त्यांच्या दाराशी नेलं. भंगारवाल्याने घंटी वाजवली. मी वाजवणार नाही हे त्याला कळलं असावं.

मी सगळं सांगितलं. बाई शांतपणे ऐकत होत्या.

"ठकठक करायची तीच का नळी?"

"हो. नळ बंद केला की जरा..."

"जरा?" बाई उसळल्या. "मी सकाळी गायला बसायचे आणि तुम्ही तोंड धुवायला! मी सूर लावायचा अवकाश, भिंतीतून ठकठक सुरू. बरं, ठेका तरी धड? सम कुठे, ठोका कुठे! माझ्या दोन शिष्या ताल बिघडला म्हणून सोडून गेल्या. ती नळी माझी असती तर मीच उपटून नाल्यात फेकली असती. माझा नळ पलीकडच्या भिंतीत आहे. ती तुमचीच, सबंध तुमची!"

एखादी गोष्ट माझीच आहे, असं इतक्या ठामपणे आजवर मला कुणी सांगितलं नव्हतं.

"सही कराल?" भंगारवाल्याने झटकन पेन पुढे केलं.

"आनंदाने. पण पाहिलेली नाही मी. खोटं लिहिणार नाही."

मग त्यांनीच वाक्य सांगितलं आणि मी, आयुष्यात प्रथमच, काहीही न खोडता लिहून घेतलं: नळी माझी आहे, शेजारच्या बाईंनी ती पाहिली नसली तरी अनेक वर्षं सोसली आहे. त्याखाली बाईंची लफ्फेदार सही.

ताई, भंगारवाला आणि मी, आम्ही तिघं टपालपेटीपाशी गेलो. पाकीट अर्धं आत सरकवलं आणि माझा हात थांबला. 'सोसली' हा शब्द कार्यालयाला चालेल का? 'अनुभवली' जास्त बरं दिसलं नसतं का?

"ताई, एकदा परत वाचून..."

"काका," भंगारवाला हात जोडून म्हणाला, "गाडी!"

मी पाकीट सोडलं. ते तळाशी पडल्याचा आवाज आम्ही तिघांनीही ऐकला.